बारावी पातळी

दुकानदाराने तीन यंत्रं काउंटरवर मांडली, आणि काटेमास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांतल्या एकाने तरी नक्की काहीतरी लांबवलं आहे.

"तिन्ही बुद्धिबळाचीच, साहेब," दुकानदार म्हणाला. "हे खिशात मावतं. हे बोलतं. आणि हे लाकडी पटाचं."

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. चौतीस वर्षं ते वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानोदुकानी जायचं, तराजू तपासायचे, खोटा निघाला की सील ठोकायचं. बाजाराने त्यांचं नाव काटेमास्तर पाडलं, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी भाजीवाला त्यांना पाहून अजून तागडीपासून हात दूर धरायचा.

यंत्र घ्यायचं डोक्यात लेकीने भरवलं होतं. समोरच्या इमारतीतले चष्मेवाले तीस वर्षं रोज संध्याकाळी मास्तरांशी पट मांडायला यायचे. ते मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले आणि मास्तर घरात उगाचच फेऱ्या मारायला लागले. बायकोच्या शिवणकामात नाक खुपसायचे, कात्री कुठे ठेवावी हे तिला शिकवायचे. लेक चार तासांच्या अंतरावर औषधाचं दुकान चालवायची. फोनवर आईची ही सगळी रड ऐकून ती म्हणाली, "बाबांना न थकणारा पार्टनर आणून दे, नाहीतर तू एक दिवस त्यांनाच मशीनखाली घालशील."

खिशातलं यंत्र मास्तरांनी बाजूला सारलं, त्याची बटणं मुंगीच्या डोळ्याएवढी होती. बोलणाऱ्यावर त्यांनी दोन चाली खेळल्या, तर ते म्हणालं, "वा, छान चाल!"

"याला कुणी विचारलं होतं?" मास्तर म्हणाले आणि तेही नापास झालं.

लाकडी पटाचं मात्र त्यांना भावलं. मोहरं उचलताना खालच्या घरावर जरा दाबायचं, नव्या घरावर ठेवताना पुन्हा दाबायचं. यंत्राची चाल आली की कडेचे दोन लाल दिवे लागायचे आणि त्याचं मोहरं आपणच हलवून द्यायचं. मास्तरांनी परीक्षा म्हणून आपला वजीर सरळ त्याच्या उंटाच्या तोंडी दिला. यंत्राने तो घेतला नाही. कडेचं एक प्यादं एक घर पुढे सरकवलं.

"दिसत असून घेतला नाही?"

"आत्ता ते तिसऱ्या पातळीवर आहे, साहेब. खालच्या पातळ्यांना ते मुद्दाम चुकतं. नवशिक्याला हुरूप यावा म्हणून."

"म्हणजे काटा मारतं."

दुकानदाराने हसावं की नाही याचा अंदाज घेतला. "बाराव्या पातळीपासून वर नाही चुकत. तिथून पुढे अगदी सरळ खेळतं."

"मग बारावर ठेवा. आणि तो आकडा पुन्हा हलता कामा नये."

दुकानदाराने कोपऱ्यातलं बटण दाबून धरलं, छोट्या पडद्यावर आकडा आला, आणि त्याने तो एकेक करत बारावर नेला. मास्तर तेव्हा पावती वाचायला चष्मा शोधत होते. दुकानदाराच्या बोटांकडे पाहत होत्या त्या सोबत आलेल्या काकू, म्हणजे मास्तरांची बायको. बाई शिवणकामातली, समोरच्याच्या हाताकडे पाहायची त्यांची सवयच होती.

घरातल्या पुढच्या खोलीत काकूंचं मशीन होतं. नवे कपडे शिवणं त्यांनी कधीच सोडलं होतं, आता फक्त दुरुस्ती. चेन बदलणं, उंची कमी करणं, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे कंबर सैल करणं. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पोस्टातले साहेब दर वर्षी तीच पँट घेऊन यायचे आणि म्हणायचे, "धुऊन आटली बहुतेक." काकू टेप लावायच्या, टेपवरचा आकडा अंगठ्याखाली झाकायच्या, आणि म्हणायच्या, "माप तुमचं तेच आहे हो, कापडच मेलं आटलंय." मग मागची शिवण उसवून गुपचूप दीड इंच सोडायच्या. साहेब खूश होऊन जायचे. आजारातून उठून हाडाची काडं झालेल्या एका बाईचा कोट त्यांनी असाच तीनदा आत घेतला होता, आणि तीनही वेळा त्या बाईला सांगितलं होतं की आधीच्याच शिवणीत खोट होती. यात आपण काही वाईट करतो असं त्यांना जन्मात वाटलं नव्हतं. वाटायचं कशाला? कपडा अंगाला बसायचा आणि माणूस हसत घरी जायचा.

"माझ्या खात्यात सापडली असतीस ना," मास्तर म्हणायचे, "तर पहिली तुझी टेप जप्त केली असती."

"सापडले असते तर ना," काकू म्हणायच्या.

यंत्र आलं आणि घराला शिस्त आली. सकाळी काकू मशीनवरचे आणि पटावरचे धागे पुसून काढायच्या, डाव मांडून ठेवायच्या. नाश्ता झाला की मास्तर बसायचे. दहातले चार-पाच डाव ते जिंकायचे आणि उरलेले हरताना यंत्राच्या खानदानाचा उद्धार करायचे. "आज याने घोडा असा काही घुसवला, काय सांगू! हरामखोर आहे, पण सरळ आहे," असं ते जेवताना कौतुकाने सांगायचे. दोन महिने असे बरे गेले.

मग ते पडले. पडद्याचा दांडा निसटला होता, तो बसवायला स्टुलावर चढले, आणि उतरताना डोकं मशीनच्या लोखंडी कडेवर आपटलं. रक्त फार आलं नाही. पण हृदयाच्या दुखण्यामुळे ते रक्त पातळ राहायची गोळी घेत होते, म्हणून काकूंनी रिक्षा केली आणि थेट हॉस्पिटल गाठलं. डोक्याचा फोटो काढला. तरुण डॉक्टरीणबाईंनी तो पाहून सांगितलं की आज आत काही नाही. पण लगेच बोट वर करून त्या म्हणाल्या, "या वयात, आणि या गोळीवर, रक्त कधीकधी हळूहळू झिरपतं. दोन आठवडे, तीन आठवडे. डोकं दुखलं, पाय ओढायला लागले, झोप फार आली, विचार मंदावला, तर एक दिवसही थांबायचं नाही. वेळेवर आणलंत तर छोटंसं काम असतं. आणि पंधरा दिवसांनी दाखवायला या."

काकूंनी हे सगळं लेकीला फोनवर जसंच्या तसं सांगितलं.

"विचार मंदावला हे तुला कळणार कसं?" लेक म्हणाली. मग तिला एकदम सुचलं. "अगं, घरात यंत्र आहे की! त्याच्याइतका चोख थर्मामीटर दुसरा नाही. बारावर बाबा निम्मे डाव जिंकतात ना? मला रोज संध्याकाळी सांगायचं, जिंकले की हरले. लागोपाठ हरायला लागले की मी निघालेच."

"सांगेन," काकू म्हणाल्या. आणि मनापासून म्हणाल्या.

पहिला आठवडा ठीक गेला. आठव्या दिवशी मास्तर हरले, नवव्या दिवशी हरले. दहाव्या दिवशी त्यांनी वजीर फुकट घालवला आणि पटाकडे पाहत राहिले. अकराव्या दिवशीही तेच. संध्याकाळी लेकीने विचारलं तेव्हा मास्तर समोरच बसले होते. काकू म्हणाल्या, "हरले, पण थोडक्यात." लेक म्हणाली, "थोडक्यात म्हणतेस म्हणून आजचा दिवस थांबते. उद्याही हरले तर मला लगेच कळव."

बाराव्या दिवशी अकरा चालींत मात झाली. मास्तरांनी शिवीही दिली नाही. हातातला राजा त्यांनी आडवा ठेवला, पुन्हा उभा केला, पुन्हा आडवा ठेवला. काकू पँटची उंची कमी करत होत्या. मास्तर त्यांच्याकडे वळून म्हणाले, "अगं, माझं डोकं गेलं का गं?"

चाळीस वर्षांत काकूंनी त्यांना असं विचारताना ऐकलं नव्हतं. बाजारात एकदा कुणीतरी त्यांच्यावर वजन फेकून मारलं होतं, तेव्हासुद्धा हा माणूस घाबरला नव्हता. आता त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. काकूंनी पँट बाजूला ठेवली. त्यांना डॉक्टरीणबाई आठवल्या नाहीत असं नाही. आठवल्या, पण समोर हा चेहरा होता.

"काहीतरीच काय," त्या म्हणाल्या. "झोप नाही तुम्हाला नीट. चहा घ्या, मग दुसरा डाव मांडा."

मास्तर हात धुवायला गेले. काकू पट पुसायला उठल्या आणि फडक्याखाली त्यांचं बोट कोपऱ्यातल्या बटणावर गेलं. आकडा आला. त्यांनी तो दहावर आणला. एवढंच, दोन घरं. हातून झालं तेव्हा तो काही मोठा निर्णय आहे असं त्यांना वाटलंही नाही.

दुसरा डाव मास्तर जिंकले. रंग परतला चेहऱ्यावर. दोन घास जास्त जेवले, पोस्टातल्या साहेबांच्या पोटावरून एक विनोद केला, आणि संध्याकाळी फोन वाजला तेव्हा स्वतःच ओरडले, "सांग तिला, लोळवला!"

"जिंकले," काकू म्हणाल्या.

"देवा, बरं झालं," लेक म्हणाली. "मी बॅग भरायला घेतली होती."

त्यानंतर परतीची वाट राहिली नाही. आज खरं सांगावं तर काल का नाही सांगितलं, याचं उत्तर द्यावं लागणार होतं. दहावर मास्तर एकच दिवस टिकले, मग हरले. काकूंनी आठ केले. मग पाच. डाव लांबत चालले, एकेका चालीला पंधरा-पंधरा मिनिटं, पण शेवटी मास्तर जिंकायचे, आणि फोनवर काकूंना एकही खोटा शब्द बोलावा लागायचा नाही. लेक विचारायची जिंकले का, आणि ते जिंकलेले असायचे.

बाकीचंही काकूंना दिसत होतं. न दिसायला त्या आंधळ्या नव्हत्या. उजव्या पायातली चप्पल दारातच राहायची आणि मास्तर एका चपलेने स्वयंपाकघरापर्यंत यायचे. शर्टाची बटणं एक घर सोडून लागायची. ती काकू बोलता बोलता नीट करून द्यायच्या. चमच्याला ते "ते हे" म्हणायचे आणि काकू चमचा पुढे करायच्या, शब्द शोधायची वेळच येऊ द्यायच्या नाहीत. रविवारी लेक येईल तेव्हा सगळं सांगू, असं त्यांनी ठरवलं. रविवारी लेकीच्या दुकानात तपासणी आली, ती आली नाही. काकूंना हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची त्यांना लगेच शरमही वाटली.

पंधराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंना दाखवायला जायचं होतं. मास्तर अडून बसले.

"मी कुठे येत नाही. रोज बाराव्या पातळीला हरवतोय. मला काय धाड भरलीय?"

काकूंनी फोन लावला. मनात होतं की लेकीने रागवावं, हट्टाने पाठवावं, म्हणजे आपल्याला काही बोलावं लागणार नाही. लेक म्हणाली, "काल जिंकले ना?"

"जिंकले."

"परवा?"

"हो."

"डोकं दुखतंय का?"

"कधीमधी. चष्म्याचा नंबर बदलला असेल."

"बारावर जिंकतायत म्हणजे डोकं शाबूत आहे. जाऊ दे, आज ओढाताण नको. पुढच्या सोमवारी मी येते, मीच नेते."

काकूंच्या हातात फोन होता. जिभेवर आकडा होता. पाच. एवढा एक शब्द उच्चारला असता तर लेक चार तासांत दारात उभी राहिली असती. पण मास्तर समोर बसून कान देत होते. आपण जिंकलेले सगळे डाव खोटे होते, हे त्यांना कळलं असतं. चौतीस वर्षं ज्याने खोटी मापं पकडली, त्याच्या घरात, त्याच्या बायकोने. काकू म्हणाल्या, "बरं. सोमवारी ये."

मंगळवारी पातळी तीनवर गेली. त्या पातळीला यंत्राने आपला वजीर पटाच्या मध्यावर उघडा टाकला. मास्तर त्याच्याकडे पाऊण तास पाहत राहिले आणि त्यांनी दुसरंच काहीतरी खेळलं. काकू हातशिलाईच्या नावाखाली मान खाली घालून बसल्या आणि त्यांनी एकच टाका चारदा उसवला. शुक्रवारी त्यांनी आकडा एकवर आणला. त्याच्या खाली आकडा नव्हता.

शनिवारी सकाळी त्या आत कणीक मळत होत्या तेव्हा यंत्राची पीप ऐकू आली. नियमाबाहेरची चाल केली की ते तसं वाजायचं. पुन्हा वाजलं. मग वाजतच राहिलं. काकू पिठाच्या हाताने बाहेर आल्या. मास्तर घोडा हत्तीसारखा सरळ नेत होते, दाबत होते, परत आणत होते, पुन्हा सरळ नेत होते, तेही डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर ओल्या फडक्यासारखा पडला होता. त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं, पण त्यात शब्द नव्हते.

लेक दुपारी हॉस्पिटलमध्ये पोहोचली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो उजेडावर लावला होता. डोक्याच्या डाव्या बाजूला एक मोठी, काळपट चंद्रकोर दिसत होती.

"हे आजचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन आठवड्यांचं तरी रक्त आहे. थरावर थर साचलेत. एवढं साचेपर्यंत तुम्हाला काहीच जाणवलं नाही?"

"शक्य नाही," लेक म्हणाली. "मी रोज विचारत होते. काल संध्याकाळपर्यंत बुद्धिबळात जिंकत होते. बाराव्या पातळीला. आई, सांग ना यांना."

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. नखांत कणीक वाळली होती.

"बारा नव्हती," त्या म्हणाल्या.

दोघी त्यांच्याकडे पाहायला लागल्या.

"बाराव्या दिवसापासून बारा नव्हती. मी खाली आणत होते. काल एक होती."

डॉक्टरीणबाईंना ते नीट कळलं नाही, आणि विचारत बसायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी कागद पुढे केला, लेकीने सही केली, मास्तरांना आत नेलं. बाकावर दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी राहिली. लेक हळू आवाजात बोलली. आवाज चढवला असता तर काकूंना सोपं गेलं असतं.

"म्हणजे तू मला रोज खरंच सांगत होतीस," ती म्हणाली. "जिंकले म्हणून."

"ते घाबरले होते गं."

"घाबरायलाच हवं होतं, आई. त्यांनीही आणि मीही." आणि ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

मास्तर वाचले. त्यांना वाचलेलं म्हणायचं असेल तर. उजवा हात गेला, उजवा पाय जेमतेम राहिला, आणि बोलणं गेलं. पंधराव्या दिवशी आणलं असतं, तर कवटीला एक छोटं भोक, आठवड्याभरात घरी, हे डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही. त्या तशा कठोर नव्हत्या. लेकीने विचारलं आणि त्यांनी सांगितलं.

दीड महिन्याने मास्तर घरी आले. रोज एक बाई त्यांच्याकडून शब्दांचा सराव करून घ्यायला यायची. पहिल्याच दिवशी ती काकूंना म्हणाली, "यांना सगळं समजतं बरं का. ऐकू येतं, कळतं. फक्त शब्द बाहेर पडत नाहीत. तेव्हा यांच्यासमोर काही भलतंसलतं बोलू नका."

त्या दिवसापासून काकूंचं जेवण उडालं. म्हणजे मास्तर पडल्या पडल्या विचार करत असणार, की आपण तर जिंकत होतो, मग हे झालं कसं. ज्या डोक्यावर त्यांचा भरवसा होता ते एका दिवसात दगा देऊन गेलं, असं धरून चालत असणार. लेकीने त्यांना काही सांगितलं नव्हतं. ते काम तिने आईवर सोडलं होतं, आणि तसं एकदा फोनवर कोरडेपणाने बोलूनही दाखवलं होतं.

गुरुवारी दुपारी सरावाची बाई गेल्यावर काकूंनी पुढच्या खोलीचं दार लावलं. दुरुस्तीला आलेले कपडे खुर्चीवरून उचलले, खुर्ची पलंगाशी ओढली आणि मास्तरांचा डावा हात हातात घेतला.

"तुम्हाला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या, आणि सांगितलं. काही गाळलं नाही. फडक्याखालचं बोट सांगितलं. दहा, आठ, पाच, तीन, एक, सगळे आकडे दिवसांसकट सांगितले. पंधराव्या दिवशी फोन हातात असून पाच हा शब्द गिळला, तेही सांगितलं. "तुम्ही नव्हता जिंकत. मी जिंकवत होते. आणि म्हणून तुम्हाला कुणी वेळेवर नेलं नाही."

मास्तर छताकडे पाहत ऐकत होते. मग त्यांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. हात त्यांनी सोडवून घेतला. ओढला नाही, नुसता काढून घेतला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. त्यांचं तोंड उघडलं. ओठ एका बाजूने आवळले गेले, गळ्याच्या शिरा ताठल्या, आणि आतून एक आवाज आला, ज्याला ना आकार होता ना अर्थ. शिवी असेल. प्रश्न असेल. कदाचित काकूंचं नावच असेल.

पुन्हा प्रयत्न केला त्यांनी. चेहरा लाल झाला, डोळ्यांच्या कडांना पाणी आलं, हनुवटीवरून लाळ ओघळली. काकूंच्या ओठांवर सवयीने आलंच होतं, की राहू द्या, त्रास नका करून घेऊ, कळलं मला. त्यांना काहीही कळलं नव्हतं. त्या हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या, आणि मास्तर तो शब्द शोधत राहिले, तोवर त्यांच्यासमोरून हलल्या नाहीत.